आपापल्या शब्दांत

आमच्या मोठ्या आईला कमी ऐकू येतं. तिच्याशी कुणी बोलू लागलं की ती हातातलं काम खाली ठेवते. ताटातली डाळ असो, वातींचा कापूस असो. मग पूर्ण चेहरा आपल्याकडे वळवते आणि म्हणते, “इकडं तोंड करून सांग, बाप्पा.” आपण सांगतो. ती ओठांकडे पाहते, डोळ्यांकडे पाहते. नीट पोचलं नाही तर पुन्हा विचारते. तिला एखादी गोष्ट सांगायला वेळ लागतो. पण सांगून झाल्यावर आपलं कुणीतरी ऐकलं, असं वाटतं. ज्यांचे कान शाबूत आहेत ते आम्ही बाकीचे भाजी चिरता चिरता, पेपर चाळता चाळता ऐकतो. ऐकणं आम्हाला आयतं मिळालं आहे. तिला ते दर वेळी कमवावं लागतं.

अलीकडे तिच्याकडे पाहताना मला पंडिता रमाबाई आठवतात.

रमाबाईंनाही कमी ऐकू येत असे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायचं मनात धरून. कानांनी साथ दिली नाही. तो विचार सोडावा लागला आणि त्या शिकण्या-शिकवण्याकडे वळल्या. आपल्याला रमाबाई माहीत असतात त्या शारदा सदनाच्या, विधवांच्या शिक्षणाच्या आणि धर्मांतराच्या वादाच्या. १९०५ सालचं, दौंडजवळचं केडगाव आपल्या वाचनात फारसं येत नाही. जगाच्या ख्रिस्ती इतिहासात मात्र त्या वर्षासाठी त्यांचं नाव आवर्जून घेतात. त्या वर्षी तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनात मोठं संजीवन, म्हणजे धर्मजागृती, झालं. शेकडो मुली एकाच वेळी, मोठ्याने, रडत, हात उंचावून प्रार्थना करू लागल्या. आणि या सगळ्याच्या मध्यभागी उभ्या होत्या त्या ऐकायला कमी येणाऱ्या, हळू आवाजात बोलणाऱ्या सत्तेचाळीस वर्षांच्या रमाबाई.

मी ख्रिस्ती नाही. तरी ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

वर्ध्याची सकाळ प्रार्थनेची आहे. सेवाग्रामच्या आश्रमात सर्वधर्म प्रार्थना होते. पवनारला धाम नदीच्या काठी ब्रह्मविद्या मंदिरातल्या भगिनींचा दिवस प्रार्थनेने सुरू होतो. गावोगावी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचं सामुदायिक ध्यान चालतं. या सगळ्या प्रार्थनांत शब्द सगळ्यांचे एक असतात, चालही एक असते. एकेकाचा आवाज समूहात विरघळतो. त्यात मोठा विसावा आहे. स्वतःचं ओझं काही वेळ सगळ्यांच्या खांद्यावर जातं. मी या प्रार्थनांमध्ये वाढले आणि त्यांचं ऋण मानते.

केडगावचं वेगळं होतं. तिथे वेळ सगळ्यांची एक होती. शब्द मात्र जिचे तिचे होते.

या मुली कोण होत्या, ते आधी पाहायला हवं. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. रमाबाई पुण्याहून निघून मध्य प्रांतात आल्या. दुष्काळ त्यांना नवा नव्हता. १८५८ साली गंगामूळच्या रानात जन्मलेली ही मुलगी आईवडिलांबरोबर पुराण सांगत गावोगाव, तीर्थोतीर्थी फिरली होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि तिने मुलीला. पुढे दुष्काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. सगळं थोड्या काळात. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं देशभर पायी फिरले, कधी झाडपाल्यावर दिवस काढून. भुकेची हाक ओळखायला अशा माणसाला कान लागत नाहीत.

मध्य प्रांतातले दुष्काळी कामांचे तळ आणि गरीबखाने त्यांनी पाहिले. तिथे एकट्या बाईचं आणि पोरक्या मुलीचं काय होतं, तेही पाहिलं. धान्याच्या बदल्यात काय मागितलं जातं, कोण रात्री फिरत असतं, कोण मुलींना फूस लावून नेतं, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत लिहून ठेवलं. मग जमतील तितक्या मुलींना सोबत घेऊन त्या परतल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ आली आणि इतक्या मुलींना शहरात ठेवणं अशक्य झालं. केडगावला घेतलेली जमीन होती. ओसाड होती. तिथे तंबू लागले, झोपड्या उठल्या, विहिरी खोदल्या गेल्या. १९०० साली गुजरातेतला दुष्काळ आला आणि आणखी शेकडो मुली आल्या. वस्ती दोन हजारांच्या जवळ गेली.

मराठी इतिहासाच्या पुस्तकांत रमाबाई बहुतेक पुण्या-मुंबईच्या असतात. पण मुक्तीच्या पायाशी मध्य प्रांताच्या मुली आहेत. आपल्या या बाजूच्या उपासमारीने ती वस्ती उभी राहिली. वर्ध्यात बसून रमाबाईंबद्दल लिहिताना हे मला सांगावंसं वाटतं.

या मुलींना आयुष्यात कुणी काही विचारलं होतं का? लग्न करताना विचारलं नव्हतं. नवरा मेल्यावर केस काढताना विचारलं नव्हतं. गरीबखान्यात तर नावही धड विचारलं नसेल. बोलायचं ते दुसऱ्यांनी, ऐकायचं ते यांनी. शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न होऊन ती आनंदीबाई कर्वे झाली, तिचं नाव आपल्याला माहीत आहे. केडगावच्या हजारोंपैकी बहुतेकींचं नाव कुणाला माहीत नाही.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना रोज प्रार्थनेला जमायला सांगितलं. वेल्समध्ये तेव्हा संजीवन चाललं होतं, त्याच्या बातम्या येत होत्या. लवकरच आसामकडे खासी टेकड्यांतही तसंच काही सुरू झालं. मुक्तीत सुरुवातीला सत्तरेक जणी जमत. जूनपर्यंत हा आकडा साडेपाचशेपर्यंत गेला. २९ जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास एका मुलीला जाग आली ती अंगात आग पेटल्यासारखी. शेजारची मुलगी घाबरून पाण्याची बादली आणायला धावली. परत येऊन पाहते तर आग कुठेच नव्हती. उजाडेपर्यंत आवारातल्या मुली रडत होत्या, आपल्या चुका बोलून दाखवत होत्या, देवाला हाका मारत होत्या.

पण मी थांबते ती दुसऱ्या दिवशीपाशी. ३० जूनला रमाबाई नेहमीच्या शांत रीतीने योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. त्या अध्यायाच्या सुरुवातीला एका बाईला पुरुषांनी पकडून आणलेलं आहे. तिच्यावर आरोप आहे आणि दगड तयार आहेत. तिला मात्र कुणी काही विचारलेलं नाही. येशू त्या पुरुषांना आधी स्वतःकडे पाहायला लावतो. ते एकेक करून निघून जातात. मग तो तिच्याशी बोलतो, आणि ती उत्तर देते. मुक्तीतल्या मुलींना ही गोष्ट दूरची वाटली नसणार. रमाबाई बोलत असतानाच मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. सगळ्या एकदम. इतक्या मोठ्याने की रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं.

आणि त्या थांबल्या.

पुढाऱ्याची ओळख आपण त्याच्या भाषणावरून करतो. मला या पुढारी बाईंची ओळख त्या थांबण्यातून होते. त्या संस्थेच्या सर्वेसर्वा होत्या. मुक्तीत त्यांचा शब्द चाले. पैसा कुठून येतो, धान्य किती आहे, कोणती मुलगी कुठल्या वर्गात, सगळं त्यांच्या नजरेखालून जाई. एका खुणेने त्यांना सगळ्यांना गप्प करता आलं असतं. शिस्तीचं कारणही होतं. अध्याय अर्धा राहिला होता. तरी त्यांनी आपला शब्द मागे घेतला आणि मुलींचा पुढे जाऊ दिला.

त्या गोंगाटात त्यांना काय ऐकू आलं असेल? पाचशे मुली पाचशे गोष्टी बोलत असताना शाबूत कानांनाही एक शब्द कळत नाही. मला वाटतं, ज्यांना ऐकू येत होतं ते सगळे त्या दिवशी गोंगाट ऐकत होते. रमाबाई चेहरे पाहत असतील. चेहऱ्यांवरून त्यांना कळलं असेल की आज ही मुलगी कुणाशी तरी बोलते आहे, आणि आपण मध्ये असण्याची गरज नाही. जी कधी बोलली नाही, तिच्या तोंडून पहिला शब्द निघताना तो सुरात असावा अशी अपेक्षा धरू नये.

टीका झाली. बाहेरच्यांनी तर केलीच, कित्येक मिशनऱ्यांनाही हे आवडलं नाही. प्रार्थना शांत हवी, एकाने बोलावं, बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हणावं, अशी त्यांची रीत. रमाबाईंनी ‘मुक्ती प्रेयर बेल’ या आपल्या पत्रिकेत उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. इथल्या माणसाची भावना इथल्या रीतीने व्यक्त होऊ द्या, ती परक्या साच्यात दाबू नका. जे त्यांना अतिरेकी वाटलं त्याला त्यांनी उत्तेजन दिलं नाही. पण रडणाऱ्याला गप्पही केलं नाही.

हे त्यांना सुचलं ते त्यांच्या स्वभावामुळे. वीस वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा अनेकांनी गृहीत धरलं होतं की आता ही विदुषी सांगू ते मान्य करील. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन यांना त्यांनी लिहिलेली पत्रं आज छापील मिळतात. त्यांत रमाबाई सतत प्रश्न विचारताना दिसतात. चेल्टनमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. कलकत्त्याच्या पंडितांपुढे बोलून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवलेल्या बाईला हे कसं पटावं? त्यांनी कळवलं की माझ्या सदसद्विवेकाचा मालक कुणी बिशप नाही. प्रेमाने लिहिलं, पण लिहिलं. ज्या माणसाने स्वतःचा आवाज इतका जपला, त्याला दुसऱ्याच्या आवाजाची किंमत कळते. निदान रमाबाईंना कळली.

इथे धर्मांतराचा विषय बाजूला ठेवून चालणार नाही. वर्ध्यात तर नाहीच. याच मातीत गांधीजी मिशनऱ्यांशी या विषयावर पुन्हा पुन्हा आणि कडक बोलले. १८९३ साली शारदा सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. भुकेल्या माणसाला भाकरी देणारा हात जो धर्म सांगतो, तो धर्म स्वीकारताना त्या माणसाला खरी मोकळीक किती असते, हा प्रश्न रास्त आहे आणि तो मुक्तीलाही विचारायला हवा. पण त्याच्यासोबत दुसराही प्रश्न विचारायला हवा. त्या गरीबखान्यांतून या मुलींना उचलायला दुसरं कोण गेलं होतं? आणि हेही लक्षात ठेवावं की रमाबाईंच्या धर्मांतरावर पुण्यात आग पाखडली जात असताना जोतीराव फुले १८८५ च्या ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेऊन उभे राहिले होते. माझ्या मनात हे दोन्ही प्रश्न आहेत. एकाने दुसरा पुसला जात नाही.

संजीवनाची बातमी पुढे दूरवर गेली. मुक्तीत काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स यांनी १९०६ साली त्यावर एक पुस्तिका लिहिली. ती दक्षिण अमेरिकेत चिलीतल्या वाल्पाराइसो शहरात त्यांच्या मैत्रिणीच्या हाती पडली, आणि १९०९ मध्ये तिथेही असंच संजीवन झालं. आज चिलीत पेंटेकोस्टल चर्च मोठं आहे. त्याचं एक मूळ दौंडजवळच्या एका माळावर, दुष्काळातून आलेल्या मुलींच्या रडण्यात आहे. आमच्याकडच्या कुठल्या तरी गरीबखान्यातली एक उपाशी मुलगी चिलीच्या इतिहासात शिरली, आणि तिला ते कधी कळलं नाही.

मला मात्र चिलीपेक्षा मुक्तीतला पुढचा दिवस जवळचा वाटतो. कारण संजीवनानंतरही केडगावात सकाळ व्हायचीच होती. पीठ मळायचं होतं, माग चालवायचे होते, गाईंची धार काढायची होती. आंधळ्या मुलींना रमाबाईंची लेक मनोरमाबाई ब्रेल शिकवत. मुलींचे गट आसपासच्या गावांत जाऊन गोष्टी सांगत. ज्या अनुभवाने माणसाचं रोजचं काम सुटतं त्याच्याबद्दल मला शंका वाटते. इथे काम सुटलं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत तीस वर्षांनी जे. सी. कुमारप्पा नावाचे ख्रिस्ती गृहस्थ ग्रामोद्योगाचा संसार मांडून बसले, तेव्हा त्यांचाही धर्म असाच घाण्याच्या तेलात आणि हातकागदात उतरलेला होता. रमाबाईंच्या केडगावाशी मगनवाडीचा संबंध आला असो नसो, नातं मला दिसतं.

आणि रमाबाई? संजीवनाच्या पुढाऱ्याला नंतर सभा मिळतात, प्रवास मिळतात, गर्दी मिळते. त्या टेबलाशी बसल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ ग्रंथावरून बायबलचं मराठी भाषांतर करू लागल्या. अठरा हजार श्लोकांचं भागवत ज्यांना मुखोद्गत होतं, त्या पंडितेने खेड्यातल्या बाईला कळेल असं मराठी लिहायचं ठरवलं. वर्षामागून वर्षं हे काम चाललं. खिळे जुळवले मुक्तीतल्या मुलींनी, छापलं त्यांनी, बांधलं त्यांनी. नवा करार १९१३ साली आला. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. एकुलती एक लेक, आणि आपल्या मागे सगळं सांभाळील म्हणून जिच्यावर भरवसा होता ती. रमाबाई पुन्हा मुद्रितांकडे वळल्या.

पवनारला विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं ते स्त्रियांसाठी. तिथे कुणी प्रमुख नाही. भगिनी सगळ्यांच्या संमतीने निर्णय घेतात. एकीचंही मन नसेल तर थांबतात. तेच विनोबा ‘ख्रिस्तधर्म-सार’ही लिहून गेले. त्या नदीकाठावर बसलं की मला वाटतं, बाईच्या आवाजासाठी जागा करण्याचे कितीतरी मार्ग आहेत. पवनारने एक शोधला, केडगावने दुसरा. एकीकडे एकेकीचं मत पूर्ण ऐकून मग पुढे जायचं. दुसरीकडे सगळ्यांना एकदम बोलू द्यायचं आणि ऐकण्याचं काम देवावर सोपवायचं. कुठला श्रेष्ठ, हे ठरवायची मला गरज वाटत नाही.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच वारल्या. त्यांचं संपूर्ण मराठी बायबल १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. मिशन अजून चालू आहे. वर्ध्याहून मनमाड-दौंड मार्गे पुण्याला जाणाऱ्या गाड्या दौंड सोडल्यावर केडगाव स्टेशनावरूनच पुढे जातात. बहुतेक तिथे थांबत नाहीत. पुण्याला जाणं झालं तर एक दिवस हाताशी ठेवा, दौंडला उतरा आणि लोकलने केडगावला जाऊन या.